काकांनी गाळलेला ‘ला’

धारवाडच्या मळमड्डीत आमच्या घराबद्दल एक गोष्ट सांगतात. मुलीला सकाळच्या कॉलेजात एकटीला कसं पाठवायचं, म्हणून एका बापाने चाळिशी उलटल्यावर स्वतःही वकिलीच्या पाच वर्षांच्या कोर्सला नाव घातलं. तो तिच्याच वर्गात बसला, तिला शिकवलं, वकील केलं. ही गोष्ट ऐकून बायका डोळे पुसतात आणि पुरुष आपल्या मुलांकडे रागाने बघतात.

तो बाप मी. गोष्टीतलं कॉलेज खरं आहे, पाच वर्षं खरी आहेत आणि निकालही खरा आहे. बाकी सगळं उलटं आहे. मी सत्तरी ओलांडली आहे, आता तरी ते सुलट लिहायला हवं.

सुरुवात बीएपासून करावी लागेल. मी बीए नव्हतो.

धारवाडच्या एका कॉलेजात मी बीएला होतो, हे खरं. शेवटच्या वर्षी राज्यशास्त्रात नापास झालो. ‘सार्वभौमत्व म्हणजे काय’ असा प्रश्न होता. मी पानंच्या पानं लिहिली आणि त्यात सार्वभौमत्व सोडून सगळं होतं. ऑक्टोबरात पुन्हा बसायचं ठरवलं. तेवढ्यात सरकारी कचेरीत कारकुनाची नोकरी लागली. तिला पीयूसी, म्हणजे इकडची बारावी, पुरेशी होती. पगार हातात आल्यावर राज्यशास्त्र मागे पडलं ते पडलंच.

मग लग्नाचं निघालं. माझे वडील लवकर गेलेले, म्हणून सगळी बोलणी धाकटे काका करायचे. अळणावरजवळच्या एका गावातलं स्थळ आलं. भातशेती असलेलं मराठी घर. मध्यस्थ मात्र कानडी होता. त्याने काकांना विचारलं, मुलगा काय शिकलाय? काका म्हणाले, “बीए.”

घरी आल्यावर मी काकांना म्हणालो, “काका, मी बीए कुठं आहे? मी बीएला होतो.”

“तेच ते रे.”

“तेच कसं? बीएला आहे म्हणायचं होतं. तेवढं तरी खरं झालं असतं.”

“अरे शहाण्या, समोरचा माणूस कानडी. मी ‘बीएला’ म्हटलं असतं तर त्याच्या कानाला काय ऐकू आलं असतं? ‘बीए अल्ल’! बीए नाही! स्थळ गेलं असतं हातचं. म्हणून तो ‘ला’ मी गाळला. ऑक्टोबरात तू बसणारच आहेस की. तोवर एका अक्षरानं काय बिघडतंय?”

मी हसलो. खरंच हसलो. दोन भाषांच्या मध्ये राहणाऱ्या माणसांना असले विनोद आवडतात. त्या मध्यस्थाला ‘बीए अल्ल’ ऐकू आलं असतं तर त्याने अगदी खरं तेच ऐकलं असतं, हे माझ्या तेव्हा लक्षात आलं नाही.

लग्नपत्रिकेत माझ्या नावापुढे बीए छापून आलं. सासऱ्यांनी मांडवात चारचौघांना ते वाचून दाखवलं. ऑक्टोबर आला आणि गेला. त्यानंतरचेही गेले.

बायकोच्या गावात मी ‘बीए भावोजी’ झालो. गेलो की ओट्यावर खुर्ची यायची. तलाठ्याचा कागद आला की माझ्याकडे, बँकेची नोटीस आली की माझ्याकडे. मी वाचून अर्थ सांगायचो. तेवढं मला येत होतं, त्यामुळे आपण कोणाला फसवतोय असं वाटायचं नाही. फक्त बायको शेजारी उभी राहून ज्या नजरेने माझ्याकडे बघायची ती नजर मला सोसायची नाही. तिला माझ्याआधी एका भाताच्या गिरणीवाल्याचं स्थळ आलं होतं. पैसेवाला मुलगा, स्वतःची जीप. तिने त्याला नाही म्हटलं आणि मला हो म्हटलं. का, ते मी कधी विचारलं नाही, कारण उत्तर मला माहीत आहे असं मी धरून चाललो होतो. एका अक्षरावर आलेली बायको ते अक्षर सापडलं की जाईल, ही भीती मी वीस वर्षं सांभाळली.

नव्वदच्या दशकाच्या मध्यात मुलगी पीयूसी झाली. तिला कायदाच शिकायचा होता. बीए आणि एलएलबी एकत्र, पाच वर्षांचा कोर्स. कॉलेज सकाळचं, दहाच्या आत सुटणारं. आमच्याकडे लॉला ‘ला’ म्हणतात, लॉ कॉलेजला ‘ला कॉलेज’. मुलगी ला कॉलेजात जाणार म्हणून बायको खुशीत होती. एक दिवस जेवताना ती मला म्हणाली, “अहो, तुम्हीपण करा की ला. पदवी झालेल्यांना तीनच वर्षांचं असतंय म्हणे. कॉलेज करून कचेरी गाठता येईल. किती वर्षं त्याच टेबलावर बसणार?”

मुलगी म्हणाली, “हो की अप्पा! मी पाच वर्षांच्या वर्गात, तुम्ही तीन वर्षांच्या. तुम्ही माझ्या आधी वकील होणार!”

तीन वर्षांच्या कोर्सला बीएची गुणपत्रिका लागते. ती मी कुठून आणू?

नको म्हणणं सोपं होतं. कचेरीत काम वाढलंय, वय झालंय, काहीही सांगता आलं असतं. पण त्या रात्री मला वाटलं, हा एकच रस्ता आहे. पाच वर्षांच्या कोर्सला बारावी पुरते आणि शेवटी पदवीत बीए येतं. खरं बीए. वीस वर्षं खाल्लेला मान हक्काचा करून घेता येईल, आणि बायकोला कळायच्या आत. मी दुसऱ्या दिवशी घरी सांगितलं, “मीही पाच वर्षांनाच बसतो. पोरगी सकाळी एकटी कशी जाणार? तिच्याबरोबर बसतो, लक्ष राहील.”

बायकोने माझ्याकडे बघितलं आणि पदर डोळ्याला लावला. दोन दिवसांत सगळ्या मळमड्डीला ते माहीत झालं. ती गोष्ट जन्माला आली ती अशी. मुलीकडे मी बघितलंच नाही. बघितलं असतं तर तिचा उतरलेला चेहरा दिसला असता. पहाटे एकटी सायकलवर ट्यूशनला जाणारी पोरगी होती ती. तिला राखणदाराची गरज कधीच नव्हती.

प्रवेशाच्या दिवशी खिडकीतल्या माणसाने माझे कागद चाळले आणि मोठ्याने विचारलं, “पीयूसी मेले येन माडीरी?” म्हणजे, पीयूसीनंतर काय केलंत? मी म्हणालो, काही नाही. तो म्हणाला, “येनू इल्ल?” मी पुन्हा म्हणालो, “येनू इल्ल.” माझ्या मागे मुलगी उभी होती.

परतताना ती स्कूटरवर मागे बसली. सुभाष रोडवर मी तिच्या वह्या घ्यायला थांबलो तेव्हा ती म्हणाली, “अप्पा, बीए?”

मी तिला वह्यांच्या दुकानासमोर, गर्दीत, उभ्या उभ्या सगळं सांगितलं. काकांचा ‘ला’ सांगितला तेव्हा तिला हसू आवरेना. हसता हसताच तिच्या डोळ्यांत पाणी आलं.

“म्हणजे काकाआजोबांनी गाळलेला ‘ला’ आणायला तुम्ही ला कॉलेजात जाताय.”

“तसं समज.”

“आणि माझ्यावर लक्ष ठेवायला, हे?”

मी दुकानदाराकडे वळून वह्या मागितल्या.

“मी आईला सांगणार नाही,” ती म्हणाली. “पण निकाल लागेल त्या दिवशी तुम्ही सांगायचं. पास होऊन सांगायचं. नापास होऊन सांगितलंत तर मी तुमची वकील नाही.”

आमच्यात तेवढाच करार झाला.

वर्गात पहिल्या दिवशी मी पाऊल टाकलं आणि मागच्या बाकावरून कोणीतरी ओरडलं, “एळ्रो, सर बंद्रु!” उठा रे, सर आले, म्हणून सगळा वर्ग उठून उभा राहिला. मी दुसऱ्या बाकावर मुलीशेजारी जाऊन बसलो तेव्हा जो हशा पिकला, तो मला अजून ऐकू येतो. मग खरे सर आले. ते माझ्यापेक्षा लहान होते. हजेरी घेताना ते मला चुकून “सर” म्हणाले आणि पुन्हा हशा झाला. आठवड्याभरात मी सगळ्यांचा अप्पा झालो. मला त्याचं काही वाटलं नाही, उलट मजाच वाटली. पोरं मला कँटीनमध्ये बोलवायची, चहा पाजायची, घरच्या भांडणांवर सल्ला विचारायची.

मुलीला मात्र कोणी कँटीनमध्ये बोलवत नसे. तिच्याशी बोलताना त्यांनी माझं दुसरं नाव ठेवलं होतं, ‘बॉडीगार्ड’. “बॉडीगार्ड आला काय गं आज? मग आम्ही लांब बसतो.” ती हसण्यावारी न्यायची. मुली सहलीला हंपीला गेल्या तेव्हा तिला कोणी विचारलंच नाही. अप्पा सोडणार नाहीत, असं त्यांनी आपसात ठरवून टाकलं होतं. मी सोडलं असतं. मला कोणी विचारलं नाही आणि मीही कोणाला सांगितलं नाही, की अरे, हिला सोडायला मी हिचा राखणदार नव्हे. ते सांगितलं असतं तर पुढचा प्रश्न आला असता: मग अप्पा, तुम्ही इथे का?

आणि शिकवलं कोणी, तेही सांगतो. पहिली दोन वर्षं बहुतेक कलाशाखेचेच विषय होते, इंग्रजी, अर्थशास्त्र, समाजशास्त्र, राज्यशास्त्र. माझी पुस्तकाची सवय पार गेलेली. पान वाचून संपलं की वरचा भाग विसरायचो. मुलीने एक रीत काढली. स्कूटर मी चालवायचो आणि मागे बसून ती प्रश्न विचारायची. मी वाऱ्यावर ओरडून उत्तर द्यायचं. उत्तर चुकलं की ती पाठीत बोट खुपसायची. एकदा सिग्नलला आमचं करार कायद्यातल्या ‘मोबदल्या’वरून जुंपलं होतं. शेजारच्या रिक्षावाल्याने मान बाहेर काढली. “याक्री वकील्र, बेळिग्गेने जगळा?” सकाळी सकाळी भांडण कशाला म्हणून. जन्मात पहिल्यांदा मला कोणी वकील म्हटलं, ते त्या सिग्नलवर.

दुसऱ्या वर्षाच्या शेवटी निकाल लागला. सगळ्यांत पास. राज्यशास्त्रात नापास.

तोच विषय. मी बोर्डासमोर उभा राहिलो आणि मला पुन्हा विशीतला मुलगा झाल्यासारखं वाटलं, पण केस पांढरे असलेला. मुलगी म्हणाली, “होतंय अप्पा. कॅरीओव्हर आहे, पुढच्या वर्षी देता येईल. आईला काय सांगणार?”

“बघू.”

घरी पोचलो तर बायको दारातच उभी. “काय झालं?” मी म्हणालो, “झालो पास.”

तिने आधीच पेढे आणून ठेवले होते. शेजारी वाटले, मला भरवला, मुलीपुढे धरला. मुलीने पेढा हातात घेतला आणि ताटलीत परत ठेवला. “पोट बरं नाही,” म्हणाली आणि आत गेली. नंतर मी तिच्या खोलीत गेलो.

ती म्हणाली, “पहिलं खोटं काकाआजोबांचं होतं, असं तुम्ही मला सांगितलंत. हे कोणाचं?”



चौथ्या वर्षी कॉलेजात मूट कोर्ट झालं. मूट कोर्ट म्हणजे लुटुपुटूचा खटला. खोटं प्रकरण, खरा कायदा, आणि न्यायाधीश म्हणून बाहेरून बोलावलेले एक जुने वकील. कानडीतून चालणार होतं आणि घरच्यांनाही बोलावलं होतं. कोणी कोणती बाजू घ्यायची ते चिठ्ठ्या टाकून ठरलं. आम्हा दोघांच्या चिठ्ठ्या एकाच प्रकरणात आल्या. मी बायकोचा वकील, मुलगी नवऱ्याची.

प्रकरण मी दोनदा वाचलं. लग्न ठरवताना मुलगा पदवीधर असल्याचं सांगितलं. तो पदवीधर नव्हता. बायकोने लग्न रद्द करण्यासाठी अर्ज केला आहे.

“हे कुठून आलं?” मी मुलीला विचारलं.

“सरांनी प्रत्येकाकडून एकेक प्रकरण मागितलं होतं. मी हे दिलं. मला काय माहीत तुमचीच चिठ्ठी निघणार?”

“आणि आई येणार आहे ऐकायला!”

“येऊ दे की. खोटा खटला आहे, अप्पा.”

त्या शनिवारी हॉल भरला होता. बायको तिसऱ्या रांगेत बसली होती, जांभळी साडी नेसून. मी काळा कोट घालून उभा राहिलो. कोट एका वर्गमित्राचा होता, बाह्या आखूड होत्या. सुरुवातीला कागद बघून बोललो. मग कागद बघावा लागला नाही. अशील कोण, प्रतिवादी कोण, काही उरलं नाही.

मी न्यायाधीशांना म्हणालो, “महास्वामी, प्रतिवादी म्हणेल की खोटं एकदाच बोललं गेलं, आणि तेही दुसऱ्याने. मी म्हणतो, रोज बोललं गेलं. हा माणूस रोज सकाळी उठला आणि गप्प बसायचं असं त्याने रोज नव्याने ठरवलं. त्याला सासरी खुर्ची मिळाली, त्या खुर्चीत तो बसला. बायकोने त्याच्याकडे अभिमानाने बघितलं, तो अभिमान त्याने घेतला. जो माणूस तिला दाखवला होता, तो नव्हताच. मग तिने संमती दिली ती कोणाला?”

मला तिसऱ्या रांगेकडे बघायचं धाडस झालं नाही. तसाच खाली बसलो.

मुलगी उठली. “महास्वामी, माझ्या विद्वान मित्रांचा आवाज इतका का भरून आला, ते मला ठाऊक नाही.” लोक हसले. “प्रतिवादीने खोटेपणा केला, हे मी नाकारत नाही. तो वाईट वागला. पण कायदा इथे थांबत नाही. तो बायकोला दोन गोष्टी विचारतो. खोटं तुला कधी कळलं? आणि कळल्यावर तू काय केलंस? कळल्यानंतर वर्षाच्या आत तिने अर्ज केला नसेल तर तिची मुदत संपली. आणि कळल्यानंतरही ती राजीखुशीने त्याच्यासोबत नांदली असेल तर अर्ज टिकतच नाही. तिने त्या खऱ्या माणसाला संमती दिली, असं कायदा मानतो. पदवी नसलेल्या माणसाला.”

अर्ज फेटाळला गेला. प्रकरणाच्या कागदातच एक ओळ होती, की बायको कळल्यानंतरही तीन वर्षं नांदली. ती मी वाचली होती आणि मला तिचा अर्थ कळला नव्हता. मुलगी जिंकली. उत्कृष्ट वक्त्याचं बक्षीस मात्र न्यायाधीशांनी मला दिलं. ते म्हणाले, “हरणारी बाजू इतक्या मनापासून मांडणारा वकील मी क्वचित बघितला.” मागच्या बाकावरची पोरं शिट्ट्या मारत होती. हरलेल्या वकिलाला कोणी खांद्यावर घेतल्याचं ऐकिवात नाही, पण मला घेतलं.

खाली उतरलो तर बायको फाटकाबाहेर गिरमिटच्या, म्हणजे आमच्याकडच्या कुरमुऱ्यांच्या भेळीच्या, गाडीपाशी उभी होती. तिने तिघांसाठी गिरमिट आणि मिरचीची भजी सांगितली होती. मी तिच्यासमोर उभा राहिलो. परीक्षेच्या निकालाची वाट बघण्यात आता काही अर्थ नव्हता.

“मला तुला काही सांगायचंय,” मी म्हणालो.

ती माझ्याशी न बोलता मुलीकडे वळली. “तुझ्या अशिलाला सांग गं, मुदत संपली.”

मुलीच्या हातातली मिरची तशीच राहिली. “आई?”

“काय आई? बीए झालेला माणूस पाच वर्षांच्या वर्गाला जातो का, हे शेजारच्या मास्तरांना पहिल्याच आठवड्यात विचारून आले मी. ते म्हणाले, तो कशाला जाईल? तेव्हाच समजले.”

“मग बोलली का नाहीस?” मी विचारलं.

“तुम्ही बोलायची वाट बघत होते. आज बोललात. भर सभेत, माझ्या बाजूने.” ती हसली, मग थांबली. “आणि त्या दिवशी हिने पेढा खाल्ला नाही तेव्हा तेही समजलं. कुठल्या विषयात गेलात?”

“राज्यशास्त्रात.”

“पुन्हा?” मास्तरांनी तिला काय काय सांगितलं होतं कोण जाणे.

मी धीर करून विचारलं, “त्या गिरणीवाल्याला तू नाही म्हटलंस...”

“तो हसायचा घोड्यासारखा. जन्मभर कोण ऐकणार ते? तुमचं बीए आमच्या वडलांना लागत होतं, मला नाही.”

वीसहून जास्त वर्षं मी ज्याला घाबरलो ते तिथे, गिरमिटच्या गाडीपाशी, एवढ्यावर संपलं. मला रडू यायला हवं होतं, पण भूक लागली. मी दोन प्लेटी खाल्ल्या.

मात्र ती सगळंच सोडणार नव्हती. स्कूटरपर्यंत चालत येताना ती हळू आवाजात म्हणाली, “बीएचा मला राग नाही. राग आहे तो तुमचं कारण पोरीच्या डोक्यावर ठेवलंत त्याचा. सगळी गल्ली म्हणते, अप्पा नसता तर ही घराबाहेर पडली नसती. ते निस्तरा.”

राज्यशास्त्राचा पेपर मी पुढे ढकलत ढकलत शेवटच्या वर्षी पुन्हा दिला. आता लपवण्यासारखं काही नव्हतं, त्यामुळे अभ्यास स्वयंपाकघरात चालायचा. मुलगी समजावून सांगायची. “अप्पा, सार्वभौम म्हणजे ज्याला दुसऱ्या कोणाला विचारावं लागत नाही.” बायको भाकरी थापता थापता म्हणायची, “मग ह्यांना कसं समजणार ते? लग्नापर्यंत काकांना विचारलं, नंतर लोक काय म्हणतील ते विचारलं.” हे मला कुठल्याही पुस्तकाने इतकं नीट समजावलं नव्हतं. पेपरात तो प्रश्न आलाच. मी दीड पान लिहिलं आणि पेन खाली ठेवलं.

निकालाच्या दिवशी बोर्डासमोर ही गर्दी. मुलगी पहिल्या वर्गात, कॉलेजात सगळ्यांच्या वर. माझं नाव खूप खाली, पण होतं, आणि पुढे कुठलाही विषय अडकलेला नव्हता. मी ते बोट ठेवून वाचलं. मग चष्मा पुसून पुन्हा वाचलं. ‘एळ्रो, सर बंद्रु’ ओरडणारा मुलगा मला मिठी मारून रडला, कारण तोही पास झाला होता. त्या दिवशी पेढे मुलीने वाटले. पहिला तिने स्वतः खाल्ला.

दुपारी गल्लीतले लोक हार घेऊन आले. पहिला हार माझ्या गळ्यात पडला. “मुलीला वकील केलंत, राव!” मी तोंड उघडलं आणि दुसरा हार पडला. त्या दिवशी राहिलं ते राहून गेलं. बायकोने माझ्याकडे एकदा बघितलं, बस.

मुलगी हुबळीला देशपांडे नगरातल्या एका ज्येष्ठ वकिलांकडे काम करू लागली. रोज एकटी बसने जायची, एकटी यायची. काही वर्षांनी न्यायाधीशांच्या परीक्षेला बसली आणि पहिल्याच खेपेला निवडली गेली. निवृत्त झाल्यावर मी सनद घेतली आणि थोडी वकिली केली. मुख्यतः अळणावरकडच्या माणसांची कामं, जमिनीची, वारसाची. त्या गावात, बायकोसमोर, ओट्यावर बसून मी सगळ्यांना खरं सांगून टाकलं होतं. ते पोट धरून हसले आणि पुढचा कागद माझ्या हातात दिला.

मुलीच्या निवडीनंतर हुबळीत तिचा सत्कार झाला. मलाही मंचावर बसवलं. वक्त्यांनी तीच गोष्ट सांगायला घेतली. मुलीला एकटी सोडायला नको म्हणून बापाने पाच वर्षं बाकावर काढली. न्यायाधीश झालेली माझी मुलगी शेजारी बसून, मान खाली घालून ते ऐकत होती. कॉलेजपासून तिने ते असंच ऐकलं होतं. मी उठलो, वक्त्यांच्या हातातला माईक जवळजवळ ओढूनच घेतला.

“हे खोटं आहे,” मी म्हणालो. “मी बीए नव्हतो. मला बीए व्हायचं होतं, आणि ते लपवायला मी हिला पुढे केलं. हिला राखणदार नको होता. माझ्यामुळे हिला मैत्रिणी मिळाल्या नाहीत. मी हिला शिकवलं नाही, हिने मला शिकवलं. मी एका विषयात दोनदा नापास झालोय. हिचं जे आहे ते हिचं एकटीचं आहे.”

मग टाळ्यांचा कडकडाट झाला. लोक उठून उभे राहिले. वक्त्यांनी माईक परत घेतला आणि भरल्या आवाजात म्हणाले, “बघा! बाप कसा असावा! सगळं श्रेय मुलीला देऊन मोकळा!”

मी ओरडून सांगायचा प्रयत्न केला. माझ्या खांद्यावर शाल आली.

खाली उतरताना बायको हसून हसून खोकत होती. मुलीने माझा हात धरला. तिचे डोळे ओले होते आणि चेहरा उजळला होता. इतक्या वर्षांत मी तिला तसं बघितलं नव्हतं. कोणाला समजलं असो की नसो, तिने ऐकलं होतं.

“झालं ना आता?” मी विचारलं.

“कुठलं झालं? तोंडी साक्ष कोणी मानली नाही, बघितलंत की. अप्पा, लिहून द्या.”

बरीच वर्षं गेली त्याला. हे लिहून दिलं.